कपाटं हलवून अभ्यासिका वाढवावी का? (छोटं वाचनालय, दक्षिण नागपूर)

सक्करदरा_सचिव
नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या वस्तीत एक शासनमान्य वाचनालय आहे, 'ब' वर्गाचं (सरकार वाचनालयांना वर्ग देतं, तो दुसऱ्या पायरीचा). मी त्याचा मानद सचिव. मानद म्हणजे कुलूप उघडण्यापासून ऑडिटपर्यंत सगळं. एक हॉल, दोन खोल्या, गच्चीवर पत्र्याची एक खोली. हॉलमध्ये पुस्तकं आणि देवघेवीचं टेबल, पेपर वाचायचं मुक्तद्वार व्हरांड्यात, दोन्ही खोल्यांत अभ्यासिका.

पुस्तकांची वर्गणी महिन्याला ५० रुपये, अभ्यासिकेची ४००. अभ्यासिकेला रांग आहे. पुस्तकं बदलायला येणारे मात्र संध्याकाळी बोटांवर मोजावे लागतात, आणि त्यातले बरेचसे दिवाळी अंक संपले की पुढच्या दिवाळीलाच दिसतात. सरकारी अनुदान २०२२ मध्ये ६० टक्क्यांनी वाढलं हे खरं. पण निम्मं वेतनावर जातं आणि ते दोन हप्त्यांत येतं. दुसरा हप्ता येईपर्यंत वीजबिल अभ्यासिकेच्या पैशांवरच भरलं जातं.

कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, हॉलमधली निम्मी कपाटं गच्चीवरच्या खोलीत न्या आणि टेबलखुर्च्या टाका. दुसरा म्हणतो, मग बाहेरची पाटीपण उतरवा.

कार्यक्रम आम्ही करतो. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, मधे एखादं व्याख्यान. फोटो अहवालात लागतात, देवघेव जिथल्या तिथे. तुमच्याकडे असा कोणता कार्यक्रम झाला ज्याच्यानंतर लोक खरोखर पुस्तकं न्यायला लागले? आणि कपाटांचं काय करू? पुढच्या आठवड्यात बैठक आहे.

तर्रीपोहे
गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पुस्तकं? नागपुरात? मे महिन्यात पुस्तकं नाही जी, पापड निघतील तिथून.

मुठेकाठचा
मूळ प्रश्न तुमच्या हॉलचा नाहीच. आपल्याकडे १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, पण त्यात ग्रंथालय कर नाही. तामिळनाडूत मद्रास प्रांत असल्यापासून, १९४८ च्या कायद्यानं, मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयासाठी वेगळा कर घेतला जातो. कर्नाटकात, केरळातही आहे. आपण मात्र संस्थांना अनुदान देतो आणि संस्था दरवर्षी हात पसरतात. खुद्द कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता. आणि आपण राज्यातल्या ग्रंथालयांच्या २०१२ च्या पडताळणीनंतर कित्येक वर्षं दर्जावाढ, म्हणजे वरचा वर्ग देणंसुद्धा थांबवून ठेवलं. धोरण बदलत नाही तोवर या अशा चर्चा म्हणजे नुसती मलमपट्टी.

गोधनी_लोकल
@मुठेकाठचा, पटलं. पण पुढच्या आठवड्यातल्या बैठकीत यांनी कर लावायचा का?

तर्रीपोहे
डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात आलं की ग्रंथालय कर्मचाऱ्यांचा मोर्चा असतेच. पुण्याच्या मुठेकाठच्या भाऊंना बोलवा, भाषण तयार आहे त्यांचं.

निवृत्त_देवघेव
मी बरीच वर्षं अशाच एका वाचनालयात ग्रंथपाल होते. सचिवसाहेब, कपाटं वर न्यायची की खाली ठेवायची, हे ठरवण्याआधी एक काम करा. गेल्या पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं कोणती, ते शोधा. पुस्तकाच्या मागच्या तारीखपट्टीवर दिसेल. एक रविवार दोन माणसं बसवली तरी अंदाज येतो.

मी पैजेवर सांगते, निम्म्याच्या आसपास कपाटं अशी निघतील ज्यांना कुणी हातच लावलेला नाही. त्यात काय असतं? कालबाह्य गाइडं. जुन्या आवृत्तीचे कायदे. कुणाच्या तरी वडिलांच्या पश्चात आलेली भेट, ज्यातलं एकही पुस्तक आपण मागितलेलं नसतं. एकाच कादंबरीच्या चार फाटक्या प्रती. आणि मार्चअखेर घाईघाईत, सवलत जास्त मिळाली म्हणून उचललेले संच. हे सगळं पुढे आणि वाचनीय पुस्तकं मागे, अशी रचना असते. सभासद दारातून आत येतो, करड्या पाठी बघतो आणि पेपर वाचून जातो.

निर्लेखन करा, म्हणजे अशी पुस्तकं नोंदीतून बाद करा. रीतसर. यादी, कार्यकारिणीचा ठराव, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाशी आधी बोलणं, दाखल नोंदवहीत शेरा. 'ब' वर्ग टिकवायला पाच हजारांवर पुस्तकं लागतात, तेव्हा आकडा सांभाळून. पण लोक निर्लेखनाला उगाच घाबरतात. पुस्तक बाद करणं म्हणजे पाप, अशी आपल्याकडे समजूत. वाळवी लागलेलं पुस्तक शेजारच्या चांगल्या पुस्तकाला खातं, ते पाप कुणाचं?

आता कार्यक्रम. तुमची व्याख्यानं कुठे होतात? हॉलमध्ये, खुर्च्या कपाटांना टेकून, बरोबर? म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त माणसं येतात त्याच दिवशी कपाटं बंद. आम्ही एकच बदल केला. व्याख्यान ज्या विषयावर असेल त्या विषयाची पंचवीस-तीस पुस्तकं दाराजवळच्या टेबलावर, शेजारी लिपिक नोंदवही घेऊन. सभासद नसला तरी नाव, पत्ता, फोन लिहून पुस्तक न्यायचं, पंधरा दिवसांत परत. अनामत नाही. कार्यकारिणीत आरडाओरडा झाला, पुस्तकं जातील म्हणून. काही गेली. पण पुस्तक परत द्यायला माणूस पुन्हा वाचनालयाची पायरी चढतो, आणि दुसऱ्यांदा आलेला माणूस वर्गणी भरतो. सगळेच नाही, पण पुरेसे.

आणि वक्त्याला शाल-श्रीफळ बंद करा. त्या पैशांत दोन पुस्तकं येतात.

मीरा_त्रिमूर्तीनगर
काकू, शाल-श्रीफळावर +१.

माझा एक नाजूक मुद्दा आहे. तुमच्या वस्तीत हिंदी बोलणारी घरं किती, आणि हिंदी पुस्तकं किती? १९५६ पर्यंत नागपूर आधी मध्यप्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, पहिलं विश्व हिंदी संमेलन १९७५ मध्ये इथेच झालं. आमच्या इमारतीत अर्ध्या बायका घरात हिंदी बोलतात. आणि आमच्या जवळच्या वाचनालयात हिंदीचं एक कपाट, तेही संडासाच्या दाराशेजारी. मग त्या कशाला येतील?

आम्ही भिशीच्या गटात पुस्तकांची पेटी फिरवतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना वाचून सुचलं. वाचनालयाकडून एका सभासदाच्या नावावर तीस पुस्तकं, मराठी-हिंदी मिसळून. ज्या घरी भिशी त्या घरी पेटी. दोन महिन्यांनी पेटी बदलायची. दुपारी दोन ते चार ही आमची वेळ, आणि नेमकं त्याच वेळी प्रत्येक वाचनालयाला कुलूप असतं.

कोराडी_रोड
भिशीत पुस्तकं? आमच्या घरी फक्त साबुदाणा वडे येतात. गट बदलावा लागेल.

राज्यसेवा_इच्छुक
मी या धाग्यातला तो ४०० रुपयेवाला आहो. थोडं आमचंपण ऐका.

मी गोंदिया जिल्ह्यातला. नंदनवनकडे खोली आहे, तिघात एक, वर टिनाचं छत. एप्रिल लागला की दिवसा त्या खोलीत थांबताच येत नाही. सकाळी सहाला वाचनालयात जातो, रात्री दहाला निघतो. काका लोकं येतात, आमच्याकडे पाहतात न् म्हणतात, हे काही वाचक नाहीत, हे घोकणारे. वर्गणी मात्र आम्ही आठपट देऊन राहिलो. अन् त्या ४०० मध्ये हॉलमधलं एक पुस्तकपण घरी नेता येत नाही! त्याच्यासाठी वेगळी ५० ची पावती, वेगळी अनामत. मग कोण नेईल?

दुसरं. आता राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. निबंधाचा पेपर आहे, भाषेचे पेपर आहेत. नुसती वस्तुनिष्ठ प्रश्नांची पुस्तकं वाचून निबंध लिहिता येत नाही. आम्हाले चरित्रं पाहिजे, वैचारिक पाहिजे, शेतीवरचं, पाण्यावरचं, संविधान सभेवरचं पाहिजे. ते सगळं भिंतीच्या पलीकडे कपाटात आहे, अन् कपाटाले कुलूप. किल्ली ग्रंथपालांकडे, ते येतात पाच वाजता.

आमच्याइतका वेळ त्या इमारतीत कोणीच बसत नाही. पुस्तक दाखवा तरी.

निवृत्त_देवघेव
@राज्यसेवा_इच्छुक, बाळा, हे सगळ्या कार्यकारिण्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला हवं.

मुठेकाठचा
ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन १९३१ मध्ये हेच सांगून गेले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. कुलूपबंद कपाटं त्यांनी तेव्हाच मोडीत काढली होती.

तर्रीपोहे
रंगनाथन साहेबांचा फोटो आमच्याकडे आहे ना. त्याच कुलूपबंद कपाटावर लटकवला आहे, हार घालून.

अजनीकर
मी जरा वेगळं बोलतो. 'कार्यक्रमानंतर देवघेव वाढली का' ही मोजपट्टी मला मान्य नाही. मी रेल्वेतून निवृत्त. बायको गेली, मुलगा बंगळुरात. आमच्या वाचनालयात गुरुवारी ज्येष्ठांचं वाचन असतं. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात, मग तासभर वाद. डोळ्यांच्या ऑपरेशनपासून मला बारीक टाईप वाचवत नाही. माझ्या नावावर वर्षभरात एकही पुस्तक नसेल. मग तुमच्या हिशेबात मी फुकट गेलो का?

निवृत्त_देवघेव
अजनीकर, तसं नाही. पण गुरुवारचं तुमचं वाचन हे उत्सवी व्याख्यान नव्हे. ते दर आठवड्याला होतं, माणसं तीच असतात, पुस्तक पुढे सरकतं. मी बोलले ते हार-तुऱ्यांबद्दल. आणि ऐकणाऱ्याचीही नोंद ठेवावी, हे तुमचं म्हणणं असेल तर मला पटतं. आम्ही ठेवत नव्हतो.

संविधान_चौक
वाचक उरले नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर यावं. खेड्यापाड्यातून, दुसऱ्या राज्यांतून आलेली माणसं पिशव्या भरून पुस्तकं नेतात. अंगावरचे कपडे साधे, पायात कधी चप्पल नाही, पण पुस्तकं घेतल्याशिवाय परत जात नाहीत. १९५६ पासूनची ही रीत आहे. पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात, आणि प्रकाशक वर्षभर त्या दोन-तीन दिवसांची वाट बघतात.

आता तुमच्या वाचनालयाची गेल्या पाच वर्षांची खरेदी यादी काढा, सचिव साहेब. त्यात आंबेडकरी साहित्य किती? दलित आत्मकथनं, बुद्धावरची पुस्तकं, शाहू-फुल्यांवरची? शासनानं छापलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड तरी आहेत का? आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या खरेदी समितीत सगळे एकाच गल्लीतले, एकाच वयाचे. ते त्यांच्या आवडीच्या ऐतिहासिक कादंबऱ्या घेतात आणि मग म्हणतात, लोक वाचत नाहीत. वाचतात हो. तुमच्याकडे त्यांचं काही नाही, म्हणून येत नाहीत.

गोधनी_लोकल
हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे. खरेदी समितीत एक विद्यार्थी आणि एक-दोन बायका असल्याच पाहिजेत.

कोराडी_रोड
समितीत बाहेरची माणसं आली की याद्या लांबतात, पैसे तेवढेच राहतात. आमच्याकडे मागणी वही ठेवली होती. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी शेअर बाजाराची पुस्तकं लिहिली, दुसऱ्या महिन्यात कुणीतरी 'कूलर दुरुस्त करा' लिहिलं, त्यानंतर वही बंद.

तर्रीपोहे
कूलर दुरुस्त केला का मग?

कोराडी_रोड
नाही.

खसताटी
कूलरचा विषय निघालाच आहे म्हणून. कपाटांच्या दिशेनं कूलर लावू नका. उन्हाळ्यात हवा कोरडी असते, चालून जातं. पण जूनमध्ये दोन सरी पडल्या की तोच कूलर खोलीत दमट हवा कोंडतो, पुस्तकांच्या कडा फुगतात आणि ऑगस्टपर्यंत पानांवर बुरशीचे ठिपके येतात. पाऊस लागला की पाणी बंद, नुसता पंखा चालवा, खिडकी उघडी. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. कसर लागली तर कडुनिंबाचा पाला घालतात, पण पाला वाळला की बदलावा लागतो आणि तो कुणी बदलत नाही. डांबरगोळ्या घातल्या तर मुलांच्या कपाटापासून लांब.

गच्चीवरची पत्र्याची खोली पुस्तकांसाठी नाहीच. उन्हाळ्यात कागद ठिसूळ होतो, बांधणीचा गोंद सुटतो, पावसाळ्यात गळती. तर्रीपोहे हसत बोलले, पण खरं बोलले.

मीरा_त्रिमूर्तीनगर
मुलांचं कुणीच बोललं नाही अजून!

प्रताप_नगरची_आई
मी बोलते. आपल्याकडे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, सुट्टी लांबलचक, आणि सकाळी नऊनंतर मुलं बाहेर सोडायची सोय नाही. आमच्या वाचनालयानं गेल्या उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ फक्त मुलांसाठी उघडलं. शिबिर नाही, फी नाही, प्रमाणपत्र नाही. सतरंजी, मुलांची पुस्तकं उघड्यावर पसरलेली, आणि कॉलेजमधली एक मुलगी रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचायची. अर्धीच. पुढचं पाहिजे तर पुस्तक घरी न्या. त्या अर्ध्या गोष्टीवरून आमच्याकडे भांडणं झाली, कोण नेणार म्हणून.

पुस्तकं महागडी नव्हती. नॅशनल बुक ट्रस्टची पातळ, चित्रांची बरीच होती, मराठी आणि हिंदी दोन्ही. इंग्रजी शाळेतली मुलं मराठी जोडाक्षरांना अडखळतात, त्यांना मोठ्या टाईपची, कमी मजकुराची द्यावी लागतात. सातवीतल्या मुलाला 'हे लहान मुलांचं आहे' असं वाटू न देता. हे जमवणं कठीण आहे, आणि त्याला माणूस लागतो. कपाट लागत नाही.

मुलाला सोडायला आलेल्या आजोबांनी वर्गणी भरली, ती वेगळीच.

मुठेकाठचा
अर्धी गोष्ट ही कल्पना मी ढापतो आहे.

तर्रीपोहे
पुण्यानं नागपूरकडून काही घेतलं. तारीख लिहून ठेवा रे कोणी.

सक्करदरा_सचिव
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी मी, ग्रंथपाल आणि अभ्यासिकेतली तीन मुलं मिळून तारीखपट्ट्या बघायला बसलो. सगळी कपाटं झाली नाहीत, पण काकूंचं म्हणणं तंतोतंत निघालं. एका कपाटात तर सगळी पुस्तकं न उघडलेली. पानं एकमेकांना चिकटलेली.

संविधान_चौक, खरेदी याद्याही काढल्या. तुम्ही विचारलंत त्यातलं जे थोडं आहे ते बहुतेक राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या (ग्रंथालयांना पुस्तकं देणारी केंद्र सरकारची संस्था) योजनेतून आपोआप आलेलं. आमच्या समितीनं स्वतः निवडलेलं जवळपास नाहीच. हे बैठकीत मांडणार आहे, लोकांना झोंबेल.

मांडायचा विचार असा. निर्लेखन केलं की चार-पाच कपाटं रिकामी होतील. तेवढ्या जागेत एक लांब टेबल बसतं. ते अभ्यासिकेला द्यायचं, पण हॉलमध्येच, कपाटांच्या मधोमध, भिंतीपलीकडे नाही. ४०० च्या पावतीतच एक पुस्तक घरी न्यायची मुभा. कुलपं काढायची. गच्चीवर काही न्यायचं नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे. ग्रंथपाल पाचला येतात, आहे त्या मानधनात त्यांना आणखी थांबा म्हणायला तोंड नाही. आणि कुलपं काढली तर पुस्तकं जातील, ही भीती माझ्या मनातही आहे.

राज्यसेवा_इच्छुक
सकाळची देवघेव आम्ही सांभाळतो. दोघं-दोघं पाळीनं. नोंदवहीत कसं लिहायचं ते शिकवा फक्त. त्याच्या बदल्यात फी कमी करा असं म्हणत नाही. केली तर नाही म्हणणार नाही.

प्रताप_नगरची_आई
फी कमी कराच हो. काम करून घ्यायचं आणि वर पैसेही घ्यायचे, हे बरं दिसत नाही.

कोराडी_रोड
पण परीक्षा लागली की ही मुलं गायब होणार, मग सकाळी कोण?

राज्यसेवा_इच्छुक
खरं आहे. पण रांगेतले नवीन येतातच ना. जाणारा येणाऱ्याले शिकवून जाईल.

अजनीकर
सकाळी मी रिकामाच असतो. नोंदवही मोठ्या अक्षरात असेल तर मीही बसेन.

संविधान_चौक
पुस्तकं जाण्याची भीती: जी जातात ती वाचली जाणारी असतात. कोणती गेली ते बघा आणि तीच पुन्हा घ्या. खरेदी समितीला यापेक्षा चांगली यादी कोण देणार?

मुठेकाठचा
दाखल नोंदवही संगणकावर नसेल तर तेही उरकून घ्या. ग्रंथालयासाठीची सॉफ्टवेअर आहेत: सरकारी एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे, कोहा फुकट मिळतं. मुलं आहेतच.

निवृत्त_देवघेव
संगणक नंतर. सचिवसाहेब, क्रम चुकवू नका. आधी बाद पुस्तकांची यादी, मग ठराव, मग कार्यालयाला पत्र, त्याची पोच फाईलला, आणि त्यानंतरच कपाटाला हात. पुस्तकं रद्दीत गेली आणि नोंदवहीत तशीच राहिली, तर तपासणीला आकडा जुळणार नाही आणि तुम्ही एकटे उभे राहाल. यादीवर ग्रंथपालाची सही हवी, तुमची एकट्याची चालायची नाही. आणि बाद करायच्या ढिगातून आधी मुलांना आणि समितीला एकेकदा बघू द्या. कुणीतरी दहा-बारा पुस्तकं 'ही ठेवा' म्हणून उचलतंच, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

सक्करदरा_सचिव
ठीक काकू. यादीचा नमुना असेल तर पाठवाल का? आणि मीराताई, हिंदीचं कपाट दाराजवळ घेतो आहे. पेटीसाठी दुपारी दोनला कोण येईल, तेवढं ठरवा.

मीरा_त्रिमूर्तीनगर
मंगळवारी मीच येते. सोबत दोघीजणी असतील, त्यांना निवडू द्या, तुम्ही निवडून ठेवू नका.